नाका दिसला नाही, टोल मात्र लागला

सप्रेम नमस्कार. आम्ही गोव्यातल्या साखळीचे. मिस्टर हायस्कूलमधून निवृत्त झाले, मी पंचायतीत क्लार्क होते. मुलगा, सून आणि दीड वर्षांची नात पोर्तुगालात पोर्तो शहरात असतात. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं आणि धाकटे दीर-जाऊ असे चौघे त्यांच्याकडे गेलो होतो. मुलाकडे गाडी नाही, तो मेट्रोने फिरतो. म्हणून विमानतळावरच आठ दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली. करार मिस्टरांच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्यांचंच. निम्मा वेळ मिस्टरांनी चालवली, निम्मा वेळ भावोजींनी. काउंटरवरच्या मुलीने टोलच्या पेटीबद्दल काहीतरी विचारलं होतं, दिवसाला अमुक पैसे म्हणाली. मिस्टर 'नो, थँक यू' म्हणाले. फिरताना पोर्तोच्या आसपास आम्हाला एकही टोलनाका लागला नाही, रस्त्यावर कमानी तेवढ्या होत्या. दोन महिन्यांनी कार्डावरून चार वेळा युरो कापले गेले. टोल किरकोळ, आणि प्रत्येक वेळी त्याच्या कितीतरी पट 'सेवाशुल्क'. पेट्रोल, जेवण, हॉटेल सगळं आम्ही दोन घरांत निम्मं-निम्मं केलं होतं, पण हे पैसे द्यायला भावोजी तयार नाहीत. ते म्हणतात, ही सरळ फसवणूक आहे, बँकेला सांगून कार्ड बंद करा, परदेशातून कोण येणार आहे वसुलीला? मिस्टर काहीच बोलत नाहीत. दिवाळीपासून दोघा भावांत धड बोलणं नाही. येत्या मे महिन्यात आम्ही परत जातोय. या वेळी मुलाच्या कुटुंबाबरोबर गाडीने स्पेनमध्ये सालामांकापर्यंत जायचा बेत आहे. टोल भरायचा तरी कसा? आणि भावोजींना काय सांगू?

एक वाचक, साखळी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा टोलसाठी, दुसऱ्यांदा काउंटरवरच्या त्या 'नो, थँक यू'साठी. त्याच्याकडे नंतर वळते. आधी पैशांचं बघू. त्याचा उलगडा झाला की भावोजींशी बोलणं निम्मं सोपं होईल.

तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मला यात फसवणूक दिसत नाही. पोर्तोच्या विमानतळाजवळून ए ४१ हा महामार्ग जातो, त्यालाच पुढे ए ४२ फुटतो. समुद्राच्या बाजूने उत्तरेला ए २८ आणि दक्षिणेला ए २९. या रस्त्यांवर जिथे टोल आहे तिथे खिडकीत बसलेला माणूस नाही, दांडा नाही, थांबायला जागाही नाही. तुम्ही ज्यांना कमानी म्हणता, तेच नाके. गाडीत काचेला पेटी लावलेली असेल तर कमान ती ओळखते. पेटी नसेल तर कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो घेतो.

हे असं का झालं ते समजून घ्या, म्हणजे भावोजींनाही सांगता येईल. हे रस्ते बांधले तेव्हा ते वापरणाऱ्याला फुकट होते. पोर्तुगालात त्यांना 'स्कुट' म्हणत; 'वापरणाऱ्याला खर्च नाही' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांची ती आद्याक्षरं. रस्ता चालवणाऱ्या कंपन्यांना पैसे सरकार देत असे. पुढे तिजोरीवर ताण आला आणि २०१० मध्ये उत्तरेकडच्या अशा रस्त्यांवर टोल बसला, डिसेंबर २०११ मध्ये आणखी काहींवर. पण फुकटचा रस्ता म्हणून त्याला जागोजागी चढायच्या-उतरायच्या वाटा ठेवलेल्या होत्या. प्रत्येक वाटेवर नाका कुठून बांधणार? म्हणून कमानी आल्या.

आपल्याला फास्टॅगची सवय झाली आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. पुण्याला जाताना कोगनोळीला दांडा वर जातो न जातो तोच मोबाईल वाजतो, अमुक रुपये गेले. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, प्रत्येक ठिकाणी तेच. टोल लागला हे आपल्याला थांबून, बघून, ऐकून कळतं. पोर्तोजवळ तुम्ही ताशी शंभरच्या वेगाने कमानीखालून गेलात, काही वाजलं नाही, कोणी थांबवलं नाही. पुढचे दोन महिनेही काही वाजलं नाही. दरम्यान ती नोंद गाडीच्या नंबरावर पडली होती. गाडी भाड्याच्या कंपनीच्या मालकीची, म्हणून मागणी कंपनीकडे गेली. कंपनीने त्या दिवशी गाडी कोणाकडे होती ते पाहिलं आणि तुमच्या यजमानांच्या कार्डावरून वसूल केलं. हे काम केल्याबद्दल तिने स्वतःचं शुल्क लावलं, चार नोंदी म्हणून चार वेळा. ते शुल्क कितीही बोचलं तरी अशी अट भाडेकरारात असते आणि त्याखाली आपली सही असते. कराराचा कागद किंवा ईमेल शोधा, त्यात टोल आणि दंड यांच्याबद्दलचा परिच्छेद सापडेल.

मात्र कापलेले पैसे डोळे मिटून मान्य करा असं मी म्हणणार नाही. यजमानांनी कंपनीला एक साधी ईमेल लिहावी: कराराचा क्रमांक, गाडीचा नंबर, आणि चारही वेळचा तपशील पाठवा, म्हणजे तारीख, वेळ, रस्ता, टोल किती आणि तुमचं शुल्क किती. तपशील आला की तुमच्या फोनमधल्या फोटोंशी ताडून बघा. फोटोंवर तारीख-वेळ असतेच. गाडी परत केल्यानंतरची एखादी नोंद असेल, एकच कमान दोनदा लागली असेल, किंवा शुल्क करारात लिहिलंय त्याहून जास्त असेल, तर आधी कंपनीकडे आणि तिथे दाद लागली नाही तर बँकेकडे रीतसर तक्रार करा. बँकेची तक्रारीची मुदत मर्यादित असते, म्हणून हे आजच करा. आणि एकाच दिवशीच्या दोन कमानींसाठी दोन वेळा शुल्क लावलं असेल, तर ते एकदाच घ्या अशी विनंती करायला हरकत नाही. विनंती नम्र असावी, मुद्देसूद असावी. मान्य होईलच असं नाही, पण विचारण्यात काही जात नाही.

कार्ड बंद करण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. कार्ड बंद केल्याने देणं बंद होत नाही. करार यजमानांच्या नावावर आहे, त्यात पत्ता आहे, पासपोर्टचा क्रमांकही असेल. कंपनी मागणी चालू ठेवू शकते, पुढच्या वेळी गाडी नाकारू शकते. मे महिन्यात नातीला घेऊन विमानतळावर उभे असताना ते कळलं तर?

'कोण येणार वसुलीला' याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण हे वाक्य मी फक्त तुमच्या पत्रात वाचलेलं नाही. टोल जास्त आहे, शुल्क अन्यायाचं आहे असं वाटणं आणि त्यावर भांडणं यात गैर काही नाही. पोर्तुगीज लोकही भांडतात. जून १९९४ मध्ये लिस्बनच्या २५ अब्रील पुलावरचा टोल वाढवला तेव्हा लोकांनी हॉर्न वाजवून आणि ट्रक आडवे लावून पूल अडवला होता. तुम्हाला ज्या सालामांकाला जायचं आहे तिथे जाणारा ए २५, आणि त्याबरोबर ए २२, ए २३, ए २४ असे कितीतरी रस्ते तिथल्या संसदेने केलेल्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून टोलमुक्त झाले. त्यामागे तिथे राहणाऱ्या लोकांची बारा-तेरा वर्षांची तक्रार होती. ते तोंडावर भांडले. आठ दिवसांचा पाहुणा म्हणून रस्ता वापरायचा आणि विमानात बसल्यावर हात झटकायचे, हे त्या भांडणासारखं नाही. आणि त्याचा भार कोणावर? तुमचा मुलगा तिथे राहतो, नोकरी करतो. आपल्या गावाहून येणाऱ्यांबद्दल त्या देशात काय मत होतं, ते तो रोज अनुभवणार आहे.

आता मे महिन्याचा बेत.

गाडी पोर्तोहूनच घेणार असाल, तर काउंटरवर पेटी मागून घ्या. तिकडे तिला 'व्हिया वेर्द' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. ही व्यवस्था १९९१ पासून आहे. काचेला लावलेली छोटीशी पेटी. कमानीखालून जा, नाक्यावरून जा, लिस्बनच्या पुलावरून जा, सगळीकडे तीच चालते. गाडीच्या कंपन्या तिचं रोजचं भाडं घेतात, बऱ्याचदा एकूण भाड्याला कमाल मर्यादा असते, आणि टोल वेगळा कार्डावर येतो. यजमानांनी तीन गोष्टी विचारायच्या: दिवसाला किती, जास्तीत जास्त किती, आणि सीमेपलीकडे स्पेनमध्ये ही पेटी चालते का. इंग्रजीचा संकोच असेल तर एका कागदावर लिहून न्या: 'टोल बॉक्स, यस प्लीज. हाउ मच पर डे? मॅक्सिमम? ओके इन स्पेन?' कागद पुढे केला तरी चालतो. पेटी काही गाड्यांत आधीच बसवलेली असते आणि तिचं झाकण बंद ठेवलेलं असतं. ती चालू आहे ना हे गाडी ताब्यात घेताना दाखवून मागा.

पेटीशिवायही मार्ग आहे, पण तो मी स्वतः वापरून पाहिला आहे आणि तुम्हाला सुचवणार नाही. पोर्तुगीज नंबरप्लेटच्या गाडीचा कमानीचा टोल नंतर पोस्टात जाऊन भरता येतो. नंबर सांगायचा, कारकून संगणकावर बघतो, पैसे द्यायचे, पावती घ्यायची. अडचण अशी की कमानीची नोंद तिथे दिसायला साधारण दोन दिवस लागतात. माझं परतीचं विमान होतं त्या सकाळी मी एका छोट्या गावातल्या पोस्टात गेले. बाईंनी आठवड्याभराचा टोल शोधून दिला, मी भरला, आणि मग त्यांनी कॅलेंडरवर काल आणि आज अशा दोन चौकटींवर बोट ठेवून मान हलवली. ते दोन दिवस यंत्रात आलेलेच नव्हते. मी घरी पोचल्यावर तेवढे दोन दिवस शुल्कासह कार्डावर आले. शेवटच्या दोन दिवसांचा टोल पाहुण्याला पोस्टात भरताच येत नाही, म्हणून पेटी.

पोर्तोहून सालामांकाला जायचं तर आधी दक्षिणेला आवेरूच्या दिशेने यावं लागतं, मग ए २५ वरून पूर्वेला विलार फोर्मोझूची सीमा. दक्षिणेला येणारे रस्ते दोन, जवळजवळ समांतर. ए २९ वर कमानी आहेत, ए १ वर जुन्या पद्धतीचे नाके. ए १ वर शिरताना यंत्रातून तिकीट निघतं आणि उतरताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे, रोख किंवा कार्डाने. पेटी असेल तर कोणताही घ्या. पेटी नसेल तर ए १ घ्या, आणि ते तिकीट जपा. तिकीट हरवलं तर तुम्ही सगळ्यात लांबून आलात असं धरून टोल लावतात. अल्बेर्गारियाजवळ ए १ सोडून ए २५ धरला की तिथून सीमेपर्यंत आता काही नाही. इंटरनेटवर जुनी माहिती वाचाल तर ए २५ वर टोल आहे असंच दिसेल. माहिती २०२५ च्या आधीची आहे की नंतरची ते बघा.

नाक्यावर पोचलात की वर बघायचं. हिरव्या चौकोनात पांढरा 'व्ही' असलेली रांग फक्त पेटीवाल्यांची. पेटी नसताना चुकून तिच्यात शिरलात तर थांबू नका, आणि काहीही झालं तरी मागे घेऊ नका, मागून गाड्या वेगात येत असतात. पुढे जा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी गाडीच्या कंपनीला कळवा. वर बघायचं हे काम चालवणाऱ्याचं नाही, शेजारी बसलेल्याचं आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक उजव्या बाजूला नेली, पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्याने गोव्याला डावीकडेच राहू दिलं. त्यामुळे पोर्तुगीज राज्यातही आपल्या आजोबांची गाडी डावीकडूनच गेली, आणि आपल्याला तिकडे गेल्यावर पहिले दोन दिवस सगळं आरशातल्यासारखं उलटं भासतं. यजमानांचं सगळं लक्ष उजवी बाजू धरून ठेवण्यात असेल. पाट्या तुम्ही वाचा. 'पोर्ताजें' लिहिलेलं दिसलं की पुढे टोल आहे असं समजा. स्पेनमध्ये त्यालाच 'पेआहे' म्हणतात.

स्पेनमध्ये रस्त्याच्या नावावरूनच कळतं. नुसता 'ए' असेल तो फुकटचा, 'एपी' असेल तिथे टोल असू शकतो. सीमेपासून सालामांकापर्यंत ए ६२ आहे, म्हणजे खर्च नाही. मुलाने बेत बदलून उत्तरेला सांतियागोला नेलं, तर एपी ९ लागेल आणि तिथे टोल आहे. स्पेनने गेल्या काही वर्षांत बरेच 'एपी' मोकळे केले, बार्सिलोनाकडचे एपी ७ आणि एपी २ तर सप्टेंबर २०२१ पासून. टोलपेक्षा महत्त्वाचं म्हणजे गाडी सीमेपार न्यायची हे बुक करतानाच सांगा. कंपन्या त्यासाठी परवानगी आणि बहुधा वेगळे पैसे मागतात, आणि न सांगता नेली तर विमा लागू होत नाही.

लिस्बनला उतरणार असाल तर एवढंच: वास्को द गामा पूल आणि २५ अब्रील पूल, दोन्हींवर टोल फक्त शहरात येताना आहे, बाहेर जाताना नाही. वास्को म्हटलं की आपल्याला मुरगावजवळचं स्टेशन आठवतं. तिकडच्या त्या नावाच्या पुलावरून जाताना, ताई, सुनेला खिडकीतून बघायला सांगा. तेजो नदीचं पात्र इतकं रुंद आहे की १९९८ मध्ये खुला झालेला तो पूल नुसता पाण्यावरून किलोमीटरच्या किलोमीटर जात राहतो. त्याचा टोल द्यायला मला कधी जड वाटलं नाही.

गाडी स्पेनमध्ये घेऊन पोर्तुगालात आलात तर नंबरप्लेट परदेशी ठरते आणि पोस्टाची सोय मिळत नाही. अशा गाड्यांसाठी 'ईझीटोल' नावाची वेगळी व्यवस्था आहे: सीमेवरच्या यंत्रात कार्ड घालायचं, यंत्र नंबरप्लेट वाचतं आणि तीस दिवस त्या नंबरचा टोल त्या कार्डावर येतो.

कार्डाबद्दलही सांगते, कारण इथे आपले बरेच लोक अडकतात. गाडीसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्या स्वतःच्या नावाचं लागतं. प्रीपेड फॉरेक्स कार्ड डिपॉझिटसाठी सहसा घेत नाहीत. जाण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशातले व्यवहार चालू करून ठेवा, आणि पिन पाठ असू द्या. मशीनने 'युरो की रुपये' विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडले की मशीनवाल्याचा दर लागतो आणि तो आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, कारण ऑनलाइन टोल भरताना ओटीपी त्याच नंबरवर येतो. आणि घरी परतल्यावर निदान सहा महिने त्या कार्डाचं प्रत्येक स्टेटमेंट बघा.

परवान्याचं काम आधी करून ठेवा. आपल्या आरटीओत हजार रुपये फी भरून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो, मुदत एक वर्षाची. गेल्या सप्टेंबराआधी काढलेला असेल तर मे महिन्यात तो चालू आहे की नाही ते तारीख बघून खात्री करा. मूळ परवाना सोबत न्यावाच लागतो.

आता मला टोलपेक्षा जास्त काळजी वाटली ती गोष्ट. तुम्ही लिहिलंत की निम्मा वेळ भावोजींनी गाडी चालवली. त्यांचं नाव करारात दुसरा चालक म्हणून घातलं होतं का? पत्रात तसं कुठे नाही. घातलं नसेल, तर ते चालवत असताना अपघात झाला असता तर विम्याने हात वर केले असते, आणि सगळा खर्च तुमच्या यजमानांवर आला असता. या वेळी मुलगा चालवणार असेल तर त्याचं नाव काउंटरवर लिहून घ्या. त्याचे थोडे पैसे पडतात. तिथे कुठेही काटकसर करू नका.

आमच्याकडे बाकीच्या देशांबद्दलही प्रश्न येतात, म्हणून थोडक्यात. फ्रान्समध्ये पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए १३ आणि ए १४ वर आता नाके नाहीत. बहात्तर तासांत ऑनलाइन भरायचा. लंडनजवळ डार्टफर्डला थेम्स ओलांडली तर दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. स्वित्झर्लंडमध्ये मोटारवेवर जायला चाळीस फ्रँकचं वर्षाचं स्टिकर लागतं, आता ते ऑनलाइनही मिळतं. तिथे भाड्याने घेतलेल्या गाडीला ते लावलेलं असतं, पण शेजारच्या देशातून गाडी आणली तर बघून घ्या. जर्मनीत साध्या गाडीला टोल नाही. आपली कितीतरी माणसं ज्या दुबईत आहेत, तिथे २००७ पासून 'सालिक'च्या कमानी आहेत. भाड्याच्या गाडीवर सालिक बसलेलंच असतं आणि बिल गाडी परत करताना येतं. तिथे जाणाऱ्यांनी कमानी मोजत जावं, मग बिल ताडून बघता येतं.

आता भावोजी.

पैसे किती याचा हिशेब सोपा आहे. चौघांचा प्रवास, दोन घरं, टोल निम्मा-निम्मा. शुल्कही निम्मं-निम्मं असंच मी म्हणेन, कारण गाडीत चौघं होते आणि कमानी चौघांनाही दिसत होत्या. पण मला वाटतं, हा वाद पैशांचा राहिलेलाच नाही. यजमान गप्प का आहेत ते तुमच्याच पत्रात आहे. काउंटरवरच्या मुलीने पेटी देऊ केली होती आणि ते 'नो, थँक यू' म्हणाले. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर, मागे रांग, भरभर बोललेलं इंग्रजी, आणि 'उगाच वरचे पैसे काढतायत' ही शंका. मी त्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून शिकवलेल्या माणसाला 'मला नीट कळलं नव्हतं, परत सांगा' असं धाकट्या भावासमोर म्हणता आलं नाही, आणि आता त्याची किंमत सगळ्यांना पडली, हे त्यांना खुपत असणार. भावोजी 'फसवणूक' म्हणतात तेव्हा ते एका परीने मोठ्या भावाला सांभाळूनच घेतायत. चूक कंपनीची ठरली की दादाची राहत नाही. दोघं एकमेकांना जपतायत आणि म्हणूनच बोलत नाहीत, असं मला दिसतं.

तेव्हा तुम्ही मध्ये पडून भावोजींना समजवायला जाऊ नका. वहिनीने पैसे मागितले की ते मागणंच होतं. यजमानांना सांगा, ईमेलचं उत्तर आलं की तो कागद घेऊन स्वतः भावाच्या घरी जायचं. फोनवर नको. शिगम्याला दोन्ही घरं एकत्र येतच असाल, पण त्या गर्दीतही नको, आधीची एखादी संध्याकाळ बघा. कागद समोर ठेवायचा आणि पहिलं वाक्य हे: 'पेटी मीच नको म्हटलं होतं.' दुसरं: 'तुझं नाव करारात घालायला हवं होतं, ते मी केलं नाही.' ही दोन वाक्यं मोठ्या भावाच्या तोंडून आली की भावोजी निम्मे पैसे देतीलही, नाही दिले तरी चालेल. यजमानांनी त्या दिवशी पैशांचा विषय काढूच नये. आणि तुम्ही व जाऊबाईंनी तेवढा वेळ स्वयंपाकघरात बसावं. हे दोघांचं दोघांत होऊ द्या.

मे महिन्याची आणखी एक गोष्ट. पोर्तुगालात बारा वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत मुलांची सीट सक्तीची आहे. मांडीवर घेऊन चालत नाही, मग आजी कितीही घट्ट धरून बसो. गाडी बुक करतानाच नातीचं वय आणि वजन कळवून सीट मागून ठेवा. नाहीतर मुलाला सांगा, त्यांच्या ओळखीत कोणाकडे तरी असेल, ती विमानतळावर घेऊन यायला. सीट मागच्या बाजूला नीट बसली आहे ना, पट्टा ओढून दोघांनी बघा, आणि मगच गाडी हलवा.